प्रस्तावना : हात बसेपर्यंत

आमच्या ऑफिसात नवी मुलं रुजू झाली की पहिल्या पंधरवड्यात कुणीतरी माझ्या खुर्चीमागे येऊन उभं राहतं. काळ्या खिडकीत फाइली उघडतात, मिटतात, माउसला हात लागत नाही, हे थोडा वेळ बघत राहतं. मग ठरलेला प्रश्न येतो : "सर, तुमची कॉन्फिग पाठवता का?" मी पाठवत नाही. यावरून माझी थोडी बदनामीही झाली आहे. एरवी अडल्यानडल्याला धावून जाणारा माणूस दोन फाइली द्यायला का कू का करतो, हे कुणाला समजत नाही. ही पुस्तिका म्हणजे त्या नकाराचं सविस्तर उत्तर आहे.

पुस्तिकेचा विषय आटोपशीर आहे. टर्मिनलात चालणारा व्हिम हा एडिटर, त्याच्यातून फुटलेला नीओव्हिम, एका टर्मिनलात अनेक टर्मिनलं सांभाळणारा टीमक्स आणि लिनक्सच्या डेस्कटॉपवर खिडक्यांची मांडणी करणारा आयथ्री, ही चार साधनं प्रोग्रॅमिंगच्या कामासाठी आपापल्या हाताला येतील अशी कशी लावून घ्यायची, एवढंच इथं सांगितलं आहे. चौघांच्याही सगळ्या सोयी-सवयी साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेल्या असतात. मेनू, टिकमार्क, 'ॲप्लाय'चं बटण यांतलं काही नाही. एक ओळ लिहायची, फाइल पुन्हा वाचून घ्यायला सांगायचं, फरक बघायचा. हे इतकं सोपं असल्यामुळेच दुसऱ्याची फाइल उचलण्याचा मोह होतो.

दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात चहा टाकायची वेळ आली की साखरेचा डबा सापडेपर्यंत पाणी आटून जातं. त्या घरात साखर कॉफीच्या बरणीत असते आणि 'साखर' लिहिलेल्या डब्यात रवा, हे घरच्यांनाच ठाऊक. मिसळणाच्या डब्याचंही तेच. वाट्या सगळ्यांकडे त्याच, पण तेल तापल्यावर न बघता बोटं ज्या वाटीत जातात ती मोहरीची वाटी प्रत्येक घरच्या डब्यात वेगळ्या जागी. मराठीत याला हात बसणं म्हणतात. एडिटरची कॉन्फिग हा असाच एक डबा आहे. दुसऱ्याचा भरलेला डबा आणता येतो, त्याचा बसलेला हात आणता येत नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. मी सुरुवात केली ती ओळखीतल्या एकाची चारशे ओळींची फाइल उचलूनच. रंग झकास होते, खाली पट्टीवर गिटच्या शाखेचं नाव झळकत होतं, दोन महिने मी ते मिरवलं. मग एका जुन्या प्रोजेक्टमधल्या मोठ्या फाइलीत मला दोन ओळींचा बदल करायचा होता. तो केला, फाइल सेव्ह केली, तपासणीसाठी पाठवली. थोड्या वेळानं विचारणा आली : दोन ओळींसाठी पाचसहाशे ओळी कशाला बदलल्यात? मी त्यांना हात लावलेला नव्हता. शोधता शोधता उसन्या फाइलीच्या पोटात एक ओळ सापडली, सेव्ह करताना प्रत्येक ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा पुसून टाकणारी. मूळ मालकाच्या कामात ती सोय होती. माझ्या प्रोजेक्टमध्ये वर्षानुवर्षं साठलेल्या अशा मोकळ्या जागा शेकड्यांनी होत्या, आणि त्याच फाइलीवर त्याच दिवशी आणखी एक सहकारी काम करत होता. दोघांचे बदल एकत्र करण्यात संध्याकाळ गेली. चूक त्या ओळीची नव्हती. ती ओळ माझ्या घरात राहत होती आणि मला तिचं नावही माहीत नव्हतं, ही चूक होती. त्या रात्री मी फाइल रिकामी केली.

आता थोडं मागं जाऊ. या साधनांतल्या विचित्र वाटणाऱ्या गोष्टी कुणाच्या तरी बसलेल्या हाताच्या खुणा आहेत, आणि त्या ओळखल्या की बरंचसं पाठांतर वाचतं.

व्हिमचा पूर्वज व्हीआय. तो १९७६ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात बिल जॉय या विद्यार्थ्यानं लिहिला. त्याच्यापुढचं यंत्र होतं लीअर सीग्लर कंपनीचं एडीएम-३ए टर्मिनल. त्या कीबोर्डावर बाणांची वेगळी बटणं नव्हती. एच, जे, के, एल या चार अक्षरांवरच बाण छापलेले होते. म्हणून आजही व्हिममध्ये एच म्हणजे डावीकडे, जे खाली, के वर आणि एल उजवीकडे. एस्केपचं बटण, ज्यावाचून व्हिममध्ये पान हलत नाही, ते आज जिथं टॅब आहे तिथं होतं, करंगळीच्या टप्प्यात. आज ते कोपऱ्यात, वळचणीला गेलं आहे. 'होम'चं बटण आणि लाटेसारखं टिल्डचं चिन्ह एकाच कळीवर होतं, म्हणून युनिक्समध्ये टिल्ड म्हणजे आपलं घर, आपला फोल्डर. कॅप्स लॉकला एस्केप बनवणारी जी ओळ पुस्तिकेच्या पहिल्याच प्रकरणात येते, ती फॅशन म्हणून नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या कीबोर्डावर जे बोटाखाली होतं ते पुन्हा बोटाखाली आणण्याची ती खटपट आहे.

आज्ञा इतक्या तुटक का, याचंही कारण तिथंच आहे. जॉय घरून काम करायचा ते ३०० बॉडच्या मोडेमवर, म्हणजे सेकंदाला जेमतेम ३० अक्षरं. २४ ओळी आणि ८० रकान्यांचा पडदा पूर्ण भरायचा तर १,९२० अक्षरं, म्हणजे मिनिटाहून जास्त वेळ. अशा तारेवर शब्द खर्च करणं परवडत नाही. एका अक्षराची आज्ञा हा त्या काळचा तारेचा मजकूर होता; तार गेली, भाषा उरली.

कॉन्फिग फाइलींच्या नावांतही असाच इतिहास आहे. त्या बहुतेक ठिपक्यानं सुरू होतात आणि नेहमीच्या यादीत दिसत नाहीत. युनिक्सच्या जडणघडणीत असलेले रॉब पाइक यांनी याची हकिगत लिहून ठेवली आहे. फोल्डरमध्ये 'एक ठिपका' म्हणजे हाच फोल्डर आणि 'दोन ठिपके' म्हणजे वरचा, अशा दोन नोंदी असतात. त्या यादीत दिसू नयेत म्हणून एलएस या आज्ञेत नाव ठिपक्यानं सुरू होतं का एवढीच तपासणी घातली गेली. घाईतल्या त्या सोप्या मार्गामुळे ठिपक्यानं सुरू होणारी हरेक फाइल लपली आणि लोकांनी तिथं आपल्या सवयी ठेवायला सुरुवात केली. आज जगभरचे प्रोग्रॅमर ज्यांना प्रेमानं 'डॉटफाइल्स' म्हणतात त्यांचा जन्म एका आळसातून झाला. नावाच्या शेवटी येणारं 'आरसी' त्याहूनही जुनं : १९६० च्या दशकात एमआयटीतल्या सीटीएसएस प्रणालीवर आज्ञांची यादी एकदम चालवण्याची 'रनकॉम' नावाची सोय होती, तिचं हे लघुरूप.

व्हिम स्वतः जन्मला तो नेदरलँड्समध्ये. ब्राम मोलेनार यांनी अमिगा संगणक घेतला, त्यावर व्हीआयसारखं काही हवं होतं, म्हणून स्टीव्ही नावाच्या एका छोट्या एडिटरवर काम सुरू केलं. १९९१ मध्ये त्यांचा व्हिम पहिल्यांदा लोकांच्या हाती आला. नावाचा अर्थ तेव्हा 'व्हीआयची नक्कल' असा होता. पुढं तो 'सुधारलेला व्हीआय' असा झाला. मोलेनार यांनी युगांडातल्या किबाले इथं पाणी आणि स्वच्छतेचं काम केलं होतं. व्हिमसाठी पैसे घ्यायचे नाहीत, पण आवडला तर तिथल्या मुलांना मदत करा, एवढीच विनंती त्यांनी ठेवली. कुठलीही फाइल न देता व्हिम उघडला की स्वागताच्या मजकुरात युगांडाच्या मुलांचा उल्लेख दिसतो तो म्हणून. ऑगस्ट २०२३ मध्ये मोलेनार गेले. त्यानंतर आलेली ९.१ ही आवृत्ती त्यांच्या स्मृतीला अर्पण केलेली आहे.

व्हिमबद्दलची पहिली तक्रार नेहमी एकच : टाइप केलं तर अक्षरं उमटत नाहीत, भलतंच काही होतं, आणि बाहेरही पडता येत नाही. 'व्हिममधून बाहेर कसं पडायचं' हा प्रश्न स्टॅक ओव्हरफ्लोवर २०१२ मध्ये विचारला गेला आणि २०१७ पर्यंत दहा लाख वेळा पाहिला गेला, म्हणजे लाज वाटण्याचं कारण नाही. गोंधळ होतो, कारण व्हिम लिहिण्यासाठी आणि दुरुस्तीसाठी वेगवेगळ्या अवस्था मानतो. आपण प्रोग्रॅम लिहितो त्यापेक्षा वाचतो आणि दुरुस्त करतो जास्त. म्हणून व्हिम उघडतो तोच दुरुस्तीच्या अवस्थेत, जिथं प्रत्येक बटण म्हणजे एक आज्ञा असते.

या आज्ञांना व्याकरण आहे आणि पुस्तिकेतलं सर्वांत मोठं प्रकरण त्याच्यावर आहे. डी म्हणजे पूस, सी म्हणजे बदल, वाय म्हणजे उचलून ठेव. ही क्रियापदं. डब्ल्यू म्हणजे शब्द, पी म्हणजे परिच्छेद, अवतरणचिन्ह म्हणजे अवतरणातला मजकूर. ही कर्मं. मध्ये आय घातलं तर 'आतलं', ए घातलं तर 'कडेसकट'. म्हणून सी, आय आणि अवतरणचिन्ह ओळीनं दाबलं की कर्सर असलेल्या अवतरणातला मजकूर निघून जातो, चिन्हं जागेवर राहतात आणि आपण लिहायला मोकळे. तीन बटणं. दहा क्रियापदं आणि दहा कर्मं शिकलात की शंभर वाक्यं बोलता येतात; शंभर शॉर्टकट पाठ करावे लागत नाहीत.

शिकवताना एक गंमत लक्षात आली. व्हिमचं व्याकरण क्रियापद आधी मागतं : 'बदल – आतला – शब्द'. आपण म्हणतो, 'हा शब्द बदल'. काकून आणि त्याच्या वाटेनं गेलेला हेलिक्स या एडिटरांनी हा क्रम उलटा केला. आधी मजकूर निवडायचा, तो पडद्यावर उजळलेला दिसतो, मग क्रिया सांगायची. हा मराठी वाक्याचाच क्रम झाला. ज्यांचा हात अजून कुठंच बसलेला नाही त्यांनी हेलिक्सही जरूर बघावा. मी व्हिमवर राहिलो, कारण माझा हात बसून गेला होता आणि व्हीआय जवळपास प्रत्येक सर्व्हरवर सापडतो.

रिकाम्या फाइलीनंतर मी काय केलं ते सांगतो, कारण पुस्तिकेची रचना त्यावरूनच ठरली. कामाच्या वेळी शेजारी एक कागद ठेवला. एखादी गोष्ट टोचली की त्यावर लिहायची. तीच गोष्ट तिसऱ्यांदा टोचली तर कॉन्फिगमध्ये एक ओळ, आणि तिच्या वर मराठीत एक टीप : ही का आली. पहिल्या आठवड्यात पाच ओळी आल्या. चूक कितव्या ओळीवर आहे हे कंपायलर सांगतो, म्हणून ओळींचे आकडे. शोधताना लहान-मोठ्या लिपीचा फरक नको, पण मी मुद्दाम मोठं अक्षर टाइप केलं तर हवा, यासाठी दोन ओळी, ज्या एकत्रच कामाला येतात. शोधलेली ओळ पडद्याच्या तळाला चिकटून येते आणि पुढचं काही दिसत नाही, म्हणून कर्सरच्या वर-खाली पाच ओळी शिल्लक ठेवणारी एक. आणि पाचवी, फाइल बंद करून उघडली तरी कालचे बदल मागं घेता यावेत म्हणून. ही शेवटची सोय व्हिममध्ये २०१० साली आली, आणि एकदा सवय झाली की तिच्यावाचून राहवत नाही.

पण त्या ओळीनंही धडा दिला. मागच्या बदलांची नोंद कुठं ठेवायची हे सांगितलं नाही तर व्हिम ती मूळ फाइलीच्या शेजारीच ठेवतो, ठिपक्यानं सुरू आणि टिल्डनं समाप्त होणाऱ्या लपलेल्या फाइलींत. पुढच्या कमिटमध्ये अशा अकरा फाइली गेल्या. म्हणून सहावी ओळ आली : या नोंदी घरच्या एका वेगळ्या फोल्डरात ठेव. नीओव्हिम ही काळजी आपली आपण घेतो. या खेपेला मात्र बिघाड कुठून आला हे शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. फाइलीत होत्याच पाच ओळी.

एडिटर हाताशी आला की नजर बाहेर जाते, आणि खरी गुंतागुंत तिथं सुरू होते. आयथ्री हा टाइलिंग प्रकारातला विंडो मॅनेजर, मायकेल स्टापेलबर्ग यांनी २००९ मध्ये सुरू केलेला. खिडक्या एकमेकींवर पडत नाहीत, फरशीसारख्या शेजारी-शेजारी बसतात, आणि एका खिडकीतून दुसरीत जाणं कीबोर्डावरून होतं. मॉड नावाचं एक बटण, बहुधा विंडोजचं किंवा ऑल्ट, आणि सोबत दिशेचं अक्षर. फक्त आयथ्रीनं दिशा एक घर सरकवून घेतल्या आहेत : जे डावीकडे, के खाली, एल वर आणि अर्धविराम उजवीकडे, म्हणजे उजव्या हाताची चार बोटं जिथं विसावतात तिथंच. विचार रास्त आहे. पण व्हिममध्ये के म्हणजे वर, इथं के म्हणजे खाली. दिवसभरात दोन्हींत शंभर वेळा ये-जा करणाऱ्याच्या बोटांची यात अक्षरशः फरफट होते.

दुरुस्ती चार ओळींची वाटते. करून बघा म्हणजे कळेल. एचला 'डावीकडे' करायला गेलं की तिथं आधीपासून खिडकी आडवी विभागण्याची आज्ञा बसलेली आहे; तिला नवी जागा द्यायला हवी. मोकळा झालेला अर्धविराम तिला देता येतो. खिडकी इकडून तिकडे हलवण्याच्या, शिफ्टसकटच्या चार ओळी वेगळ्या. सगळं झालं म्हणून निश्चिंत व्हावं, तर खिडक्यांचा आकार बदलण्याच्या अवस्थेत जुनीच चार अक्षरं शिल्लक असतात. मला ती तीन आठवड्यांनी सापडली. भाड्याच्या घरात एक कपाट हलवलं की त्याच्यामागचा स्विचबोर्ड निघतो, तसा हा प्रकार आहे. आयथ्रीचाच ढंग वेलँड या लिनक्सच्या नव्या डिस्प्ले-यंत्रणेवर आणणाऱ्या स्वे या मॅनेजरनं मात्र मुळातच एच-जे-के-एल ठेवलं आहे.

टीमक्सचीही हीच कथा. त्याची प्रत्येक आज्ञा कंट्रोल आणि बी दाबून सुरू होते. बोटं ताणतात, म्हणून पुष्कळ जण जुन्या स्क्रीन या साधनाप्रमाणे कंट्रोल-ए करून घेतात. पण शेलमध्ये कंट्रोल-ए म्हणजे ओळीच्या सुरुवातीला जा, आणि व्हिममध्ये कर्सरखालचा आकडा एकानं वाढव. बी ठेवला तर व्हिममधलं एक पान मागं जाणं अडतं. कुणाला ना कुणाला उठवल्याशिवाय इथं बसायला जागा नाही. उत्तर एकच असं नाही. आपण कुठली सोय किती वापरतो हे ज्याचं त्याला ठाऊक. पुस्तिकेत म्हणूनच अशा जागी 'हे करा' असं न सांगता काय दिल्यावर काय जातं ते मांडलं आहे.

एक अडचण मात्र बहुतेकांना येते आणि तिचं कारण कळलं की डोक्यातला मोठा धुरळा बसतो. टीमक्सच्या जुन्या आवृत्तीच्या आत व्हिम चालवला की एस्केप दाबल्यावर क्षणभर अडखळतो. मशीन मंद आहे, प्लगइन जड आहेत, असं वाटत राहतं. खरं कारण असं. टर्मिनलाच्या लेखी बाणाचं बटण हे एक अक्षर नसतं; ते एस्केप, चौकटी कंस आणि एक अक्षर अशी माळ पाठवतं. १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनलापासून ही रीत रुळली. त्यामुळे एस्केप आला की टीमक्सला प्रश्न पडतो : हा सुटा एस्केप, की बाणाची सुरुवात? तो थोडं थांबून बघतो. हे थांबणं बरीच वर्षं मुळातच अर्ध्या सेकंदाचं होतं. कॉन्फिगमध्ये एका ओळीत ते दहा मिलिसेकंदांवर आणता येतं. या एका ओळीसाठी मी नवा लॅपटॉप घेण्याच्या विचारात होतो.

आता 'हे सगळं कशाला?' या प्रश्नाकडे. व्हीएस कोड फुकट मिळतो, उघडताच चालतो आणि उत्तम आहे. ज्याचं काम त्यात सुखानं चाललं आहे त्यानं ही पुस्तिका खाली ठेवली तरी मला वाईट वाटणार नाही. उलट टर्मिनलवाल्यांवर त्याचे उपकारच आहेत. पूर्वी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषेसाठी वेगळी जुळणी लागायची. दहा एडिटर, वीस भाषा म्हणजे दोनशे जोड्या. मायक्रोसॉफ्टनं व्हीएस कोडसाठी आखलेला लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल २०१६ मध्ये सर्वांसाठी खुला झाला आणि हिशेब तिसावर आला : भाषेचा एक सर्व्हर, एडिटरचा एक दुभाषा. थिआगो दे अर्रुदा यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या नीओव्हिममध्ये २०२१ च्या ०.५ आवृत्तीपासून हा दुभाषा अंगचाच आहे. कॉन्फिगही तेव्हापासून लुआ या भाषेत लिहिता येते. ती रिओ द जानेरोतल्या विद्यापीठात १९९३ मध्ये जन्मलेली छोटी भाषा, नावाचा पोर्तुगीज अर्थ चंद्र. पुस्तिकेचा दुसरा भाग यावर आहे. त्यातली उदाहरणं तयार प्लगइन-संच न घेता दिली आहेत, कारण वर सांगितलेलंच.

धोका दुसऱ्या टोकालाही आहे आणि त्यात मी बुडून आलो आहे. रंगसंगती बदलणं, खालच्या पट्टीचे कोपरे गोल करणं, आठव्या फाँटमध्ये शून्य आणि 'ओ' यांतला फरक निरखणं, यात शनिवार-रविवार कधी जातो कळत नाही, आणि सोमवारी प्रोग्रॅम होता तिथंच असतो. मुंज ठरायच्या आधी मांडव सजवण्यातला हा प्रकार. कागदावर तीनदा टोचल्याची खूण नसेल तर ओळ लिहायची नाही, हा नियम मी मुख्यतः याच व्यसनासाठी पाळतो. रंगांवर पुस्तिकेत दीड पान आहे. ते मुद्दाम.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक प्रकरण वेगळं आहे, कारण त्यांची अडचण इंग्रजी पुस्तकांत सहसा सापडत नाही. टर्मिनल म्हणजे चौकटी वहीचं पान : एका घरात एक अक्षर. देवनागरीला ही शिस्त मानवत नाही. 'विद्यार्थी' हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा. युनिकोडच्या लेखी त्यात दहा चिन्हं. किती घरं मोजायची यावर टर्मिनलाचं आणि एडिटरचं एकमत झालं नाही तर वेलांटी शेजारच्या घरात लोंबते आणि कर्सर जिथं दिसतो तिथं नसतो. टर्मिनलागणिक हे बदलतं, आणि बघून घेणं हाच उपाय.

दुसरी अडचण बोटांची. इन्स्क्रिप्ट मांडणीत एच, जे, के, एल या बटणांवर प, र, क, त आहेत. मराठी टीप लिहून एस्केप दाबला, खाली जाण्यासाठी जे दाबलं, की व्हिमला 'र' मिळतो, आणि 'र' नावाची आज्ञा त्याला माहीत नाही. कीबोर्ड आधी इंग्रजीवर आणायचा, मग हलायचं, लिहायचं झालं की पुन्हा मराठीवर. व्हिममध्ये 'र म्हणजे जे समज' असं जोडी-जोडीनं लिहून देण्याची सोय आहे, ती पुस्तिकेत दाखवली आहे. पण डीच्या जागी हलन्त, एफच्या जागी ऱ्हस्व वेलांटी अशी एकटी न राहणारी चिन्हं आली की तो मार्ग ओबडधोबड होतो. मी वर्षानुवर्षं हातानंच मांडणी बदलत आलो आणि तो आपल्या लिपीचा भोग समजून चाललो.

शेवटच्या भागात दोन गोष्टी आहेत. एक, या फाइली गिटमध्ये ठेवून नव्या मशीनवर कशा उभ्या करायच्या. तिथं पासवर्ड, टोकन आणि एसएसएचच्या खासगी किल्ल्या चुकूनही शिरू नयेत याची काळजीही सांगितली आहे. दुसरी, यांपैकी काहीच नसताना काम कसं करायचं. रात्री दोन वाजता बंद पडलेल्या सर्व्हरवर आपली कॉन्फिग नसते. तिथं असतो उघडावाघडा व्हीआय. म्हणून महिन्यातून एक दिवस कॉन्फिगशिवाय व्हिम उघडून काम करा, अशी सूचना आहे. उपासाच्या दिवशी कळतं आपण काय काय तोंडात टाकत असतो ते.

पुस्तिका ओळीनं वाचायची गरज नाही, पण पहिलं प्रकरण रिकाम्या फाइलीनं सुरू होतं ते तसंच करावं. जुनी कॉन्फिग असेल तर पुसू नका, नाव बदलून बाजूला ठेवा आणि जी ओळ आठवेल तेवढीच परत आणा. बाकीच्या आठवल्या नाहीत, तर त्या तुमच्या नव्हत्या.

राहिली गोष्ट त्या नकाराची. दोनेक वर्षांपूर्वी एका मुलीनं कॉन्फिग मागितली, मी ठरल्याप्रमाणे पाठवली नाही, कागद आणि तीनदा टोचण्याचा नियम तेवढा सांगितला. ती हिरमुसून गेली. तिच्याकडे एका ॲपचा मराठी मदत-मजकूर लिहिण्याचं काम होतं. चार-पाच महिन्यांनी काहीतरी विचारायला मी तिच्या टेबलाशी गेलो. ती व्हिममध्ये मराठी लिहीत होती. एस्केप दाबला, सरळ जे-जे करत खाली गेली, एक शब्द बदलला, पुन्हा मराठी. मध्ये कीबोर्ड बदललाच नाही. मी म्हटलं, हे कसं? तिनं फाइल उघडली. एकूण एकतीस ओळी, प्रत्येकीवर टीप. त्यांतली एक : लिहिण्याच्या अवस्थेतून बाहेर पडताक्षणी कीबोर्डाची मांडणी इंग्रजीवर आण, पुन्हा आत शिरताना मराठीवर. व्हिम त्या क्षणांची वर्दी देतो, मांडणी बदलणारी एका ओळीची आज्ञा लिनक्समध्ये असते, तिनं दोन्हींची गाठ मारली होती. वरच्या टिपेत लिहिलं होतं : 'तीनदा नाही, तीस वेळा टोचलं.'

मी तिच्या खुर्चीमागे उभा होतो. म्हटलं, "ही ओळ पाठवतेस का?" ती हसली आणि म्हणाली, "सर, आधी ती काय करते ते सांगा." मी सांगितलं. मग तिनं पाठवली.

पुणे, खंडेनवमी